चुंबकी मण्यांवरचे विकर आणि औषधांचा शोध : पार्श्वभूमी

वनस्पतीच्या अर्कात शेकडो द्रव्ये एकत्र असतात. त्यांतले नेमके कोणते एखाद्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, जाऊन चिकटते हे शोधणे फार किचकट; पण विकराला रोखणारे द्रव्य औषध ठरू शकते, म्हणून ते शोधायचे. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक तपासायचा, लागू पडेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे. आता विकर चुंबकी मण्यांवर बसवून मणी थेट अर्कात सोडता येतात. या पद्धतीची मुळे मात्र शंभर वर्षांहून जुनी आहेत.

१९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसले की कोळशाला चिकटलेले इन्व्हर्टेज हे विकर साखर फोडतच राहते. १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेइयाकु कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने स्थिर केलेले, म्हणजे घन आधाराला बांधून ठेवलेले, विकर अमिनो आम्लांच्या उत्पादनासाठी वापरात आणले. १९७३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या रॉबिन्सन, डनिल आणि लिली यांनी विकर चुंबकी आधारावर बसवले. औषधे शोधणे त्यांच्या मनात नव्हते. रिअ‍ॅक्टरमधले महागडे विकर परत गोळा करता यावे, एवढाच हेतू होता.

मग पुढची तीन दशके कशात गेली? माझ्या मते चुंबकाचे श्रेय आपण जास्त धरतो. खरे काम अडले होते मण्यांपाशी. लहानमोठे मणी असले की प्रत्येकावर बसणारे विकर कमीजास्त, आणि मोजमापावर भरवसा नाही. अगदी एकसारखे मोठे मणी जमिनीवर बनवणे इतके अवघड मानले जाई की नासाने १९८२ मध्ये स्पेस शटलमध्ये त्याचा प्रयोग केला. नॉर्वेत ट्रॉनहेमला योन उगेलस्टाड यांनी त्याआधीच, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ही किमया जमिनीवर साधली होती. पुढे या सच्छिद्र मण्यांच्या आत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार करण्यात आले. हे कण इतके बारीक की चुंबक दूर केला की त्यांचे चुंबकत्व जाते आणि मणी गोळा होऊन बसत नाहीत. यातूनच १९८०च्या दशकात ‘डायनाबीड्स’ बाजारात आले. त्याच दशकात जॉन फेन यांच्या इलेक्ट्रोस्प्रेमुळे, म्हणजे द्रावणाच्या विद्युतभारित फवाऱ्यामुळे, वस्तुमान वर्णपटमापनाने (रेणूंचे वस्तुमान मोजून) अत्यल्प द्रव्यही ओळखता येऊ लागले.

या गोष्टी जुळल्यावर अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगमध्ये रुइन मोअद्देल आणि सहकाऱ्यांनी ‘लिगँड फिशिंग’, म्हणजे विकराला चिकटणारी द्रव्ये (लिगँड) अर्कातून गळाला लावणे, पुढे नेले. २०११ मध्ये मोअद्देल यांच्या गटाने सर्ट६ हे विकर मण्यांवर बसवून ते मेथीच्या बियांच्या अर्कात सोडले. नळी चुंबकाला टेकवली की तपकिरी मणी कडेला गोळा होतात. उरलेला अर्क ओतून द्यायचा, मणी धुवायचे आणि चिकटलेले द्रव्य सोडवून ओळखायचे. या कामातून क्वेर्सेटिन आणि व्हिटेक्सिन ही सर्ट६ला रोखणारी द्रव्ये पुढे आली.

मण्यांना चिकटले म्हणजे विकर रोखले गेलेच, असे नाही. द्रव्य भलत्याच जागी किंवा नुसत्या मण्यालाही चिकटते. म्हणून निष्क्रिय केलेल्या विकराचे मणी तुलनेला ठेवतात आणि हाती आलेल्या द्रव्याची रोधक चाचणी वेगळी घेतात.