धुरी, पुरचुंडी आणि वाळा (बेळगाव सीमाभाग)

वाळवलेला पाला, मुळं, फुलं आणि मसाल्याचे जिन्नस वापरून घरात चांगला वास ठेवणं ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातली जुनी रीत. निखाऱ्यावर टाकून धूर केला की ती धुरी (कुणी ऊद घालणं म्हणतं), कापडात बांधून ठेवली की पुरचुंडी, आणि हल्ली पातेल्यात पाणी उकळून वास सोडायची पद्धतपण आलीये.

हे समजायला आधी इथली हवा बघायला पाहिजे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं सह्याद्री, जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसता पाऊस, भिंतींना ओल, गोधड्या दमट, ट्रंकेतल्या साड्यांना कुबट वास. पूर्वेला अथणी-रायबागकडं मात्र पर्जन्यछाया, चैत्र-वैशाखात ऊन भाजून काढतं. त्यामुळं एकाच जिल्ह्यात एकीकडं वासाला कोरडे जिन्नस लागतात आणि दुसरीकडं पाण्यात भिजवलेले. अथणीकडं वाळ्याच्या, म्हणजे एका वासाच्या गवताच्या (कन्नडात लावंच) मुळ्यांचा पडदा पाण्यात भिजवून खिडकीला लावला की आत येणारी हवा गारपण होते आणि तिला मातीसारखा वासपण येतो, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं म्हणून. तोच पडदा जुलैत खानापुरात लावला तर त्याला बुरशीच येणार.

धुरीला ऊद, राळ, गुग्गुळ, ओवा, वेखंड, कडुलिंबाचा वाळका पाला, लसणाची सालं असं काहीही चालतं. घरात चूल होती तोवर निखारे आयतेच मिळायचे, गॅस आल्यावर लोक नारळाची करवंटी पेटवून निखारा करतात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकायची पद्धत अजून आहे. घरची म्हातारी माणसं हे मायेनंच करतात, पण तान्ह्या बाळाला कुठलाच धूर चांगला नाही हे त्यांना बसून नीट सांगायला पाहिजे. दम्याच्या माणसाचंही तेच. आणि निखारे आत ठेवून दारं-खिडक्या लावून झोपणं तर फारच धोक्याचं, कारण कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासच नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध होतो. खोली रिकामी करून ५-१० मिनिटं धुरी द्यायची, निखारे बाहेर न्यायचे, खिडक्या उघडायच्या, मग आत यायचं.

मला विचाराल तर खरी गंमत पुरचुंडीत आहे. धूर नाही, राख नाही, महिनोन्महिने काम चालू. जुन्या मलमलीच्या किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या तुकड्यात वेखंड (कन्नडात बजे), नागरमोथा, कापूरकचरी ही वासाची मुळं, ४-५ लवंगा, दालचिनीचा तुकडा, असेल तर वाळकी बकुळ. बकुळीचं फूल वाळून तपकिरी झालं तरी वास सोडत नाही, म्हणून साड्यांच्या घडीत ती लागतेच. दवणा चैत्रातला. जोतिबाला दवणा वाहतात, सीमाभागातली कितीतरी घरं त्या यात्रेला जातात, उरलेल्या काड्या वाळवून कपाटात ठेवल्या की वास चांगला मुरतो. सगळं सामान काष्ठौषधीच्या (वाळक्या जडीबुटीच्या) दुकानात मिळतं, अख्खंच घ्यायचं, पूड घ्यायची नाही. वास म्हणजे त्यातलं उडून जाणारं तेल, लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, आणि अख्ख्या जिन्नसात ते कोंडून राहतं, पूड केली की भराभर उडून जातं. म्हणून बांधताना नुसतं ठेचायचं, दोन-तीन महिन्यांनी वास मंदावला की परत ठेचायचं. पाला आणि फुलं सावलीत वाळवायची, कडक उन्हात तेलच उडतं. मुळं मात्र आतून खडखडीत वाळलेली पाहिजेत, जरा ओल राहिली तर पुरचुंडीच कुबट होते आणि साडीला डाग पडतो. लहान मुलं असतील तर पुरचुंडी वरच्या कप्प्यात ठेवायची, कापूर घातला असेल तर नक्कीच, कारण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.

उकळायची पद्धत सोपी, लिटरभर पाण्यात दालचिनी, तमालपत्र, ५-६ लवंगा, संत्र्याची वाळकी साल टाकून बारीक गॅसवर २०-३० मिनिटं, पाणी आटू द्यायचं नाही. मासे किंवा सुकट केल्यावर स्वयंपाकघराला हे छान. पण पावसाळ्यात हे करू नये असं माझं स्पष्ट मत, घरात आधीच ओल आणि त्यात आपण वाफ भरतो, वास तासभर राहतो आणि भिंती मात्र ओल धरतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत करावं. उरलेल्या साली आणि दालचिनी उन्हात वाळवून ठेवली तर पुढच्या धुरीला चालते, वास मात्र निम्माच येतो.