माटुंग्याची मैलाटाकी ते काथ्यावरचे जिवाणू: कचऱ्यातल्या हायड्रोजनची पार्श्वभूमी

मुंबईत घाण कुजवून गॅस काढण्याची गोष्ट माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमापासून सुरू होते. १८९७ मध्ये तिथल्या मैलाटाकीवरचा गॅस दिवाबत्तीसाठी वापरला गेला. १८५९ हे साल अनेक ठिकाणी छापलेलं दिसतं, पण आश्रमच १८९० चा, पालिका आयुक्त ॲक्वर्थ यांनी उभारलेला. (पोवाडे जमवणारे ॲक्वर्थ ते हेच.) तेव्हा ते साल बाद.

त्या दिव्यांत जळत होता तो मिथेन. हायड्रोजन त्याही टाकीत तयार होत असणार, पण मिथेन करणारे सूक्ष्मजीव तो लगोलग फस्त करतात. हायड्रोजन हाती लागायचा तर या खाणाऱ्यांना हाकलायचं आणि कमावणाऱ्यांना टाकीत टिकवायचं, एवढे दोनच प्रश्न होते. सुटायला मात्र अनेक दशकं लागली.

जिवाणूंमधल्या हायड्रोजन घडवणाऱ्या वितंचकाला (एन्झाइमला) 'हायड्रोजनेज' हे नाव स्टीफन्सन आणि स्टिकलंड यांनी १९३१ मध्ये दिलं. प्रकाशात हायड्रोजन सोडणारे जांभळे जिवाणू गेस्ट आणि केमन यांनी १९४९ मध्ये दाखवले.

खाणाऱ्यांना हाकलणं त्यामानाने सोपं. गोबरगॅसच्या टाकीतला गाळ ९० ते १०० अंशांवर अर्धा तास तापवला, की मिथेनवाले मरतात. हायड्रोजन करणारा क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू मात्र बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपात तग धरतो. मग सामू (पीएच) ५.५ च्या आसपास ठेवायचा, म्हणजे मिथेनवाले सहजी परतत नाहीत. द्रव टाकीत काही तासच राहील इतका प्रवाह वाढवला तर सावकाश वाढणारे मिथेनवाले वाहून जातात. पण प्रवाह आणखी वाढवला की आपले जिवाणूही त्यांच्यामागे गटारात.

जिवाणू बांधून ठेवायचे ते यासाठी. जपानमध्ये कारुबे, सुझुकी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम पॉलिॲक्रिलामाइडच्या जेलमध्ये कोंडून ग्लुकोजपासून सलग हायड्रोजन काढला. जेल होण्याआधीचं ॲक्रिलामाइड विषारी, त्यात काही पेशी दगावतात. त्यापेक्षा सौम्य मार्ग समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटचा: २ ते ३ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये जिवाणू कालवायचे आणि २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडायचे, साबुदाण्यासारखे ३-४ मिलिमीटरचे मणी तासाभरात घट्ट होतात. प्रयोगशाळेत ते छान चालतात. खऱ्या कचऱ्यातलं फॉस्फेट आणि सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, मणी लिबलिबीत होतात, आत अडकलेला गॅस त्यांना फोडतो.

आपल्याकडे यावरचा मोलाचा तोडगा निघाला आयआयटी खरगपूरमध्ये. देबब्रत दास यांच्या गटाने २००१ च्या सुमारास एंटरोबॅक्टर क्लोएके हा हायड्रोजन करणारा दुसरा जिवाणू भाताचा पेंढा, उसाची चिपाडं आणि नारळाच्या काथ्यावर वाढवून पाहिला. काथ्या सरस ठरला. जिवाणू तंतूंवर थर धरतात, गॅसला वर निसटायला वाट राहते. काथ्या आधी गरम पाण्यात, तपकिरी रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवायला हवा. त्यातलं टॅनिन जिवाणूंना मारक. आणि थर जाड झाला की काथ्या भरलेली नळी तुंबते, हे दुखणं काथ्यालाही आहेच.

बांधून ठेवल्याने वेग वाढतो, पण रसायनशास्त्राची मर्यादा तीच राहते. एका मोल ग्लुकोजपासून (१८० ग्रॅम) फार तर ४ मोल हायड्रोजन, तोही सगळं ॲसिटिक आम्ल झालं तर. ब्युटिरिक झालं की २. म्हणजे जवळपास ९० लिटरऐवजी ४५, आणि साखरेतल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेली आम्लात अडकते, म्हणून मागे मिथेनची दुसरी टाकी जोडावीच लागते.

मुंबईला दोन टाक्या नव्या नाहीत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी उभी केलेली 'निसर्गऋण' पद्धत अशीच: पहिल्या टाकीत गरम पाणी आणि हवा, दुसरी हवाबंद. फरक एवढाच, की हवेतला ऑक्सिजन हायड्रोजनेजला निकामी करतो. हायड्रोजन हवा तर पहिलीही हवाबंद करावी लागेल.

आणि ओला कचरा ताजा लागेल. हॉटेलचा उरलेला भात-चपातीचा ड्रम मुंबईच्या दमट हवेत रात्रभर राहिला, की त्यातली बरीच साखर सकाळपर्यंत लॅक्टिक आम्ल होऊन बसते. हे आम्ल करणारे जिवाणू पुढे टाकीतही क्लॉस्ट्रिडियमला दाबतात. त्यामुळे आलेला कचरा त्याच दिवशी दळून, एकदा तापवूनच काथ्याच्या नळीत सोडावा लागतो.