कॅपिटल यू, स्मॉल यू आणि पडलेला बिल्ड

आमच्या घरी येणाऱ्या पत्रांवर नातेवाईक 'इंदूर' लिहितात, बँक 'इंदौर' छापते. पोस्टमन दोन्ही त्याच दारात टाकतो. त्याच्या डोक्यात जे आपसूक होतं, त्यावरून भाच्याचे दोन दिवस वाया गेले.

"मामा, माझ्या लॅपटॉपवर चालतंय हो, सर्व्हरवरच बिल्ड पडतोय. लिनक्सच खराब आहे." (बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं. त्याचा लॅपटॉप विंडोजवर, सर्व्हर लिनक्सवर.) त्याची कॅश, म्हणजे साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, पुसून झाली होती, सगळं नव्याने इन्स्टॉल करून झालं होतं. ऑफिसातल्या एकाने तर अंकशास्त्राप्रमाणे प्रोजेक्टच्या नावात एक जादा 'ए' घालायला सांगितलं. (अंकशास्त्रात कॅपिटल आणि स्मॉल 'ए'ला एकच आकडा असतो. म्हणजे या बाबतीत अंकशास्त्री विंडोजच्या पक्षातले.)

गोष्ट एवढीशीच होती. फाइलच्या नावात 'युटिल्स'चा यू कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. विंडोजने फाइल मुकाट्याने काढून दिली, लिनक्स म्हणालं, अशी फाइलच नाही.

डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या-शोधायच्या, ते फाइल सिस्टिम ठरवते. लिनक्सच्या नेहमीच्या ext४ फाइल सिस्टिमसाठी नाव म्हणजे बाइट्सची, म्हणजे आकड्यांची, माळ. कॅपिटल 'ए' ६५, स्मॉल 'ए' ९७. आकडे वेगळे, म्हणून नावं वेगळी. विंडोजची एनटीएफएस नाव जसं लिहिलं तसंच जपते, पण शोधताना दोन्ही बाजू कॅपिटल करून ताडते. त्यासाठी डिस्कवरच एक तक्ता ठेवलेला असतो: ६५,५३६ नोंदी, प्रत्येकी २ बाइट, एकूण १२८ किलोबाइट. कुठल्या अक्षराचं कॅपिटल रूप कोणतं, एवढंच त्यात लिहिलेलं.

तक्ता डिस्कवरच का? मला या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात आवडतो. तुर्की भाषेत स्मॉल 'आय'चं कॅपिटल करतानाही डोक्यावरचा टिंब तसाच राहतो, आणि बिनटिंबाचा 'आय' हे वेगळंच अक्षर आहे. एनटीएफएस फोल्डरमधली नावं याच तक्त्याच्या क्रमाने लावून ठेवते. तक्ता संगणकाच्या भाषेप्रमाणे बदलता, तर पेन ड्राइव्ह इस्तंबूलमध्ये लावल्यावर तो क्रमच चुकला असता आणि डोळ्यांसमोरची फाइल सापडली नसती. म्हणून डिस्क फॉरमॅट करतानाच तक्ता तिच्यावर कोरला जातो.

उलट्या दिशेचा घोळ जास्त गमतीचा. अनेक प्रोजेक्टच्या मुळाशी 'व्हर्जन' नावाची, सगळी अक्षरं कॅपिटल असलेली एक साधी फाइल असते. आत फक्त १.४.२ असं काहीतरी. सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या सी++२० आवृत्तीत स्मॉल अक्षरांतली 'व्हर्जन' ही हेडर फाइल (इतर फाइलींनी आत ओढून घ्यायचा तयार कोड) आली आणि लायब्ररीतल्या इतर हेडर फाइली तिला आतूनच बोलावू लागल्या. कोडचं भाषांतर करणारा कंपायलर अशी फाइल आधी तुम्ही सांगितलेल्या फोल्डरांत शोधतो, मग स्वतःच्या. नेहमीचा मॅकही विंडोजसारखाच कॅपिटल-स्मॉलचा भेद करत नाही. प्रोजेक्टचं मूळ फोल्डर त्या यादीत असेल तर मॅकवर ती साधी फाइलच हेडर म्हणून उचलली जायची आणि कंपायलर १.४.२ हा सी++ कोड समजून वाचायला बसायचा. कोडची एक ओळही न बदलता, फक्त कंपायलर नवा घेतला म्हणून बिल्ड कोसळायचा. लिनक्सवर तोच प्रोजेक्ट सुखरूप.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या कोडमध्ये, तर फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या फाइलींच्या जोड्याच आहेत. नेहमीच्या मॅकवर तो कोड उतरवला की जोडीतली एकच फाइल उरते, आणि कशाला हातही लावलेला नसताना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) 'फाइल बदललीय' म्हणून तक्रार करतं.

भाच्याने फाइलचं नाव विंडोजमध्येच बदललं, पण गिटला तो बदल दिसलाच नाही. 'गिट एमव्ही' या गिटच्याच नाव बदलायच्या आज्ञेने बदलल्यावर बिल्ड पार पडला. तसा हल्ली दोन्हीकडे फोल्डरपुरता नियम उलटवता येतो: विंडोज १० मध्ये २०१८ पासून, ext४ मध्ये २०१९ च्या कर्नल ५.२ पासून.

आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाही म्हणून मराठी माणूस सुटला, असंही नाही. 'दऱ्या' शब्दातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) म्हणून. मॅक दोन्ही नावं एकच मानतो. विंडोज आणि लिनक्स मानत नाहीत. हे सांगितल्यावर भाच्याने लगेच करून पाहिलं. त्याच्या डेस्कटॉपवर आता हुबेहूब दिसणाऱ्या दोन 'दऱ्या' आहेत आणि कुठली कोणती, ते त्याचं त्यालाच सांगता येत नाही.