कर्नलनंतर काय? विशेष दलांतील अधिकाऱ्याच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखादा मुलगा लष्करात अधिकारी झाला आणि पुढे पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये, म्हणजे लष्कराच्या विशेष दलात, गेला, की गावच्या चौकातील फलकावर त्याच्या नावाआधी 'कमांडो' हा शब्द येतो, आणि वयाने व हुद्द्याने तो कितीही वाढला तरी तो शब्द तिथून हलत नाही. प्रत्यक्षात ज्या वयात त्याला कर्नलच्या वरचा, ब्रिगेडियरचा हुद्दा मिळतो, त्या वयात तो बहुधा विशेष दलापासून दूर, पायदळाच्या एखाद्या ब्रिगेडचा, म्हणजे काही बटालियन मिळून झालेल्या गटाचा, कारभार सांभाळत असतो. असे का होते, याचे उत्तर त्या अधिकाऱ्याच्या कर्तबगारीत शोधून सापडत नाही. ही दले कोणत्या आकाराने आणि कोणत्या गरजेपोटी उभी राहिली, यात ते आहे.

खानदेशाला या गोष्टीचा एक जुना नमुना ठाऊक आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, पण डोंगरांतील भिल्ल नायक काही ताब्यात आले नाहीत. नेहमीच्या पलटणी तिथे थकल्या, तापाने आजारी पडल्या. तेव्हा एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या २२ वर्षांच्या लेफ्टनंटकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम आले आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. ज्यांच्यावर चालून जायचे त्यांच्यातूनच त्याने माणसे निवडली. या पलटणीला आजच्या कमांडोंची पूर्वज म्हणण्याचा मोह टाळलेला बरा, कारण ती परकीय सत्तेने भिल्लांना भिल्लांकरवी काबूत ठेवण्यासाठी काढलेली युक्ती होती. लक्षात घ्यायचा तो आउट्रमचा पुढचा प्रवास. सुमारे दहा वर्षांनी, १८३५ मध्ये, तो खानदेशातून गुजरातेत गेला, मग अफगाणिस्तान, सिंध, इराण आणि लखनौ असे करीत लेफ्टनंट जनरल झाला. त्याचे नाव धरणगावच्या वेगळ्या धाटणीच्या पलटणीने केले, पण त्याची बढती मुख्य सैन्यात झाली.

स्वतंत्र भारतात या कामाची सुरुवातही अशीच एका अधिकाऱ्याच्या पुढाकाराने झाली. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी निवडक जवानांची 'मेघदूत फोर्स' घेऊन शत्रूच्या हद्दीत छापे घातले. तो प्रयोग यशस्वी ठरल्यावर १ जुलै १९६६ रोजी ९ पॅरा कमांडो ही बटालियन उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिच्यातून वाळवंटी मुलखासाठी १० पॅरा कमांडो निघाली. १९७१ च्या डिसेंबरात या दोन्ही बटालियननी आपले काम दाखवले. लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांच्या नेतृत्वाखाली १० पॅराच्या जवानांनी वाहनांतून वाळवंट ओलांडून सिंधमधील छाछरोवर छापा घातला आणि त्याबद्दल भवानीसिंगांना महावीर चक्र मिळाले. तिकडे पूंछ भागात ९ पॅराच्या तुकडीने मंढोल येथे रात्रीतून शत्रूच्या तोफा निकामी केल्या. या यशात पुढच्या अडचणीचे बीजही होते. काम बटालियनचे, किंबहुना तिच्यातील लहान तुकड्यांचे होते, आणि त्यामुळे बटालियनच्या वर त्या दलाची स्वतःची अशी एकही जागा निर्माण झाली नाही.

मराठी वाचकाला या इतिहासात आपली माणसेही भेटतात. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ हवाई छत्रीने उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा बटालियन होती आणि पुढे तीही विशेष दलात रूपांतरित झाली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या २१ व्या बटालियनचे १९९६ मध्ये २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाले. वाघनख हे तिचे नाव आणि चिन्ह. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच बटालियनचे होते, मात्र नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आले तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करीत होते. विशेष दलाचा अधिकारी आणि नेतृत्व दुसऱ्या दलाचे, ही गोष्ट या कारकिर्दीत अपवाद नाही.

कारकिर्दीचा पूर्वार्ध सर्वांना दिसतो तसाच कष्टाचा असतो. खानदेशातील मुलांना जवळच्या वाटा म्हणजे नाशिकची भोसला सैनिकी शाळा किंवा औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील १९७७ पासूनची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था. त्यानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील तीन वर्षे आणि डेहराडूनच्या लष्करी अकादमीतील एक वर्ष. विशेष दलासाठी स्वेच्छेने नाव दिल्यावर सुमारे तीन महिन्यांचे प्रोबेशन, म्हणजे पारखण्याचा काळ, ज्यात अधिकाऱ्याला जवानांच्या बरोबरीने, आणि बऱ्याचदा त्यांच्याहून जास्त, घासून काढतात. ते पार पडलेल्यालाच 'बलिदान' हे चिन्ह छातीवर लावता येते. आग्र्याला हवाई छत्रीने पाच उड्या मारून पॅरा विंग्ज हे चिन्ह मिळते, त्यातील एक उडी रात्रीची असते. पुढे मेजर झाल्यावर तो एका टीमचा प्रमुख असतो, आणि ज्यांना तीच वर्षे आयुष्यातील सर्वांत चांगली वाटतात असे अधिकारी पुष्कळ आहेत.

लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवाकालावर होते, त्यापुढे निवड मंडळ येते. कर्नल झालेला अधिकारी आपल्या बटालियनचे नेतृत्व करतो, आणि इथे रस्ता अरुंद होतो. ब्रिगेडियर होण्यासाठी स्टाफच्या, म्हणजे मुख्यालयातील कामाच्या, नेमणुका, उच्च अभ्यासक्रम आणि सर्वसाधारण दलांचा अनुभव लागतो. विशेष दलात अधिक काळ राहणे हे कौशल्य असले तरी निवड मंडळापुढे ते नेहमीच वजनदार ठरत नाही.

अमेरिकेलाही हाच प्रश्न पडला होता. १९५२ मध्ये तिथे विशेष दल स्थापन झाले, पण त्यातील अधिकारी मूळ पायदळाच्या किंवा अन्य शाखेचे राहिले. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली, आठ सैनिक मृत्युमुखी पडले, आणि त्यातून १९८७ मध्ये स्वतंत्र विशेष मोहीम कमांड व विशेष दलाची स्वतंत्र शाखा निर्माण झाली. त्यामुळे तिथला अधिकारी आता चार ताऱ्यांच्या जनरलपर्यंत आपल्याच क्षेत्रात जाऊ शकतो.

आपल्याकडे त्याच वर्षी, ऑक्टोबर १९८७ मध्ये, श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या, जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या मोहिमेत १० पॅरा कमांडोसोबत गेलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकडीतील जवळपास सर्व जवान मारले गेले. कारणे अनेक होती, पण विशेष दलाचा उपयोग कसा करायचा हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्या दलातून वर आलेला माणूस असावा, ही मागणी रास्त होती असे मला वाटते. संरक्षण व्यवस्थेत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या नरेशचंद्र समितीने २०१२ च्या अहवालात स्वतंत्र कमांडची शिफारस केली. झाली ती त्याहून लहान गोष्ट, म्हणजे २०१९ मध्ये तिन्ही दलांची मिळून सशस्त्र दल विशेष मोहीम डिव्हिजन. तिचे पहिले प्रमुख मेजर जनरल अशोक कुमार धिंग्रा हे १ पॅरा स्पेशल फोर्सेसचे. मेजर जनरलच्या हुद्द्यावर राहून विशेष मोहिमांचेच नेतृत्व करता येईल अशी ही जागा, आणि देशभरातून ती एकच.

बाकीच्यांसाठी मार्ग जुनाच राहिला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरील सर्व अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला, आणि ज्या मरून टोपीसाठी त्या मुलाने प्रोबेशनचे तीन महिने काढले, ती ब्रिगेडियर होताना उतरवून त्याला इतर दलांच्या ब्रिगेडियरांसारखीच टोपी घालावी लागते.