एका घरात अनेक कंपन्या: स्मार्ट उपकरणे जुळत का नाहीत, याची पार्श्वभूमी

स्मार्ट घरातली उपकरणे एकमेकांशी जुळत नाहीत, ही तक्रार वाय-फायपेक्षा जुनी आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने ‘एक्स-१०’ ही पद्धत तयार केली. त्यात वेगळी वायर ओढावी लागत नसे. घरातल्या विजेच्या तारांतूनच १२० किलोहर्ट्झचा संकेत जाई, तोही व्होल्टेज शून्यावरून जाते त्या क्षणी. उपकरणांना देता येणारे पत्ते २५६: १६ अक्षरे गुणिले १६ क्रमांक. आज्ञा पोचली की नाही, हे उलट कळवण्याची सोय बहुतेक मॉड्यूलमध्ये नव्हती. अमेरिकेतल्या घरांत १२० व्होल्टच्या दोन लाइन येतात. एकीवरचा संकेत दुसरीवर न्यायला मध्ये कपलर, म्हणजे दोन्ही लाइन जोडणारा भाग, बसवावा लागे. पुढे घरोघरी संगणक आणि चार्जर आले, आणि त्यांच्या पॉवर सप्लायमुळे हे संकेत क्षीण होऊ लागले किंवा विस्कटू लागले.

रेडिओने तारेची अडचण सोडवली, पण देशादेशांच्या सीमा आणल्या. डेन्मार्कच्या झेनसिस कंपनीने काढलेली झेड-वेव्ह ही बिनतारी पद्धत अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालते, भारतात ८६५.२ वर. म्हणून नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेले झेड-वेव्ह कुलूप भारतातल्या हबला, म्हणजे सगळी उपकरणे जोडणाऱ्या मध्यवर्ती यंत्राला, सहसा जोडताच येत नाही. बिघाड नसतो, वारंवारिताच वेगळी असते.

झिगबी या दुसऱ्या बिनतारी पद्धतीची अडचण वेगळी. ८०२.१५.४ हे रेडिओचे मानक २००३ मध्ये आले आणि त्यावर झिगबी उभे राहिले. रेडिओ सगळ्यांचा एकच, २.४ गिगाहर्ट्झचा, पण वरची भाषा निरनिराळी. दिव्यांसाठी ‘लाइट लिंक’, इतर उपकरणांसाठी ‘होम ऑटोमेशन’. डबीवर झिगबीचे चिन्ह असूनही दोन वस्तू एकमेकींना ओळखत नसत. २०१६ मध्ये झिगबी ३.० ने या भाषा (प्रोफाइल) एकत्र केल्या, तरी कंपन्यांनी स्वतःपुरत्या घातलेल्या आज्ञा राहिल्याच. शिवाय कंपनीच्या मर्जीचा प्रश्न होता: डिसेंबर २०१५ मध्ये ‘फिलिप्स ह्यू’ या स्मार्ट दिव्यांच्या ब्रँडने एका अपडेटने परके बल्ब जोडणे बंद केले आणि ग्राहक संतापल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला.

झिगबीत आजही हमखास येणाऱ्या अडचणी दोन. पहिली रेडिओच्या गोंगाटाची. वाय-फाय १ नंबरच्या चॅनेलवर असेल तर झिगबीचे ११ ते १४, आणि ६ वर असेल तर १६ ते १९ हे चॅनेल त्याखाली दबतात. २५ नंबरचा चॅनेल बहुतेकदा मोकळा मिळतो. संगणकाला झिगबीचा रेडिओ देणारा यूएसबी डोंगल थेट यूएसबी ३.० पोर्टमध्ये खोचला तर त्या पोर्टचा गोंगाट रेडिओला बधिर करतो. मीटरभराची एक्स्टेन्शन केबल लावली की फरक पडतो. दुसरी अडचण भिंतीवरच्या बटणाची. विजेवर चालणारे झिगबी बल्ब इतरांचे संदेश पुढे पोचवतात. कुणी बटण बंद केले की ती साखळी तुटते आणि पलीकडच्या खोलीतला सेन्सर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो.

२०१४ नंतर आणखी एक अडचण आली: कंपनीचा सर्व्हर. अ‍ॅमेझॉन एको आणि ॲपल होमकिट या घरातली उपकरणे चालवणाऱ्या व्यवस्था त्याच वर्षीच्या. अनेक स्वस्त वाय-फाय प्लगांची आज्ञा घरातल्या घरात न जाता इंटरनेटवरून फिरून येऊ लागली. ३०० डॉलरचा हब विकणारी रिव्हॉल्व्ह ही कंपनी गूगलच्या नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी त्या हबची सेवा बंद केली. हब निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हरही असेच अचानक बंद पडले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या होम असिस्टंटसारख्या मुक्त प्रकल्पांचे महत्त्व या घटनांनी पटवले. सगळे नियंत्रण घरातल्याच छोट्या संगणकावर ठेवण्याइतका खात्रीचा उपाय आमच्या मते आजही दुसरा नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स एकत्र आले. त्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर १.० हे सामाईक मानक प्रसिद्ध झाले. त्याने भाषा एक केली आणि आज्ञा घरच्या नेटवर्कवरच राहतील अशी रचना केली. वाहक मात्र अजून वेगवेगळे आहेत: वाय-फाय, इथरनेट आणि थ्रेड. थ्रेड या बिनतारी जाळ्याचा रेडिओ झिगबीचाच, पण त्याला बॉर्डर राउटर, म्हणजे घरच्या नेटवर्कशी जोडणारे यंत्र, लागतो. दोन कंपन्यांचे राउटर घरात असले तर अनेकदा दोन वेगळी थ्रेड जाळी तयार होतात. २०२४ च्या थ्रेड १.४ ने जाळ्यात शिरण्यासाठी लागणारी माहिती वाटून घेण्याची प्रमाणित पद्धत दिली, पण दोन्ही राउटरांना तो अपडेट मिळालेला हवा. जुन्या झिगबी वस्तू बहुधा स्वतः मॅटर होत नाहीत. त्यांचा ब्रिज, म्हणजे त्यांना घरच्या नेटवर्कशी जोडणारा हब, मॅटर बोलतो.

म्हणून आता बिघाड बहुतेकदा घरच्या राउटरमध्ये सापडतो. मॅटरला आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) आणि मल्टिकास्ट (एकच संदेश अनेक उपकरणांना पाठवणे) लागते. गेस्ट नेटवर्क, ‘एपी आयसोलेशन’ (वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सोय) किंवा फोनवर चालू राहिलेला व्हीपीएन, यांतले काहीही उपकरणांचा शोध अडवते. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये तेच उपकरण हवे असेल तर रीसेट करू नये. पहिल्या अ‍ॅपमधून जोडणीचा नवा कोड मागावा. तो जास्तीत जास्त १५ मिनिटे चालतो. वस्तूवर छापलेला कोड पहिल्या जोडणीसाठी किंवा रीसेटनंतरच उपयोगी पडतो, म्हणून बल्ब छतात बसवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा.