निळा गेला तर युनियन जॅकमध्ये काय उरेल?

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला, हे पुण्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्या झेंड्याचं ते रूप तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचं होतं. इंग्लंड आणि स्कॉटलंडचा राजा एकच झाल्यावर, १६०६ मध्ये, इंग्लंडचा लाल क्रूस आणि स्कॉटलंडची निळ्यावरची पांढरी तिरकी फुली एकत्र आली. १८०१ मध्ये आयर्लंड जोडलं गेलं आणि त्या पांढऱ्या फुलीत लाल फुली बसली. १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला, पण झेंडा तसाच राहिला.

असं पुष्कळदा होतं. १९६५ मध्ये सिंगापूर बाहेर पडलं तरी मलेशियाच्या झेंड्यावरचे चौदा राज्यांचे चौदा पट्टे चौदाच राहिले. चौदावा पट्टा आता केंद्र सरकारचा मानतात. इजिप्त आणि सीरिया मिळून एक देश झाला होता, झेंड्यावर दोघांचे दोन तारे होते; १९६१ मध्ये सीरियाने साथ सोडल्यावरही इजिप्त १९७२ पर्यंत तोच झेंडा वापरत होता. चेकोस्लोव्हाकियात तर फुटून निघणाऱ्या कोणीही संघराज्याची चिन्हं वापरू नयेत असा कायदा झाला होता, तरी चेक प्रजासत्ताकाने १९९३ मध्ये जुनाच झेंडा घेतला. स्वीडन-नॉर्वेचं काम मात्र सोपं होतं. त्यांच्या संयुक्त राज्याची खूण झेंड्याच्या कोपऱ्यात होती, ती काढली की खालचा मूळ झेंडा मोकळा.

युनियन जॅकमधला स्कॉटलंड असा कोपऱ्यात नाही, तो साऱ्या झेंड्याखाली पसरलेला आहे. २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के स्कॉटिश मतदारांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं. उलट कौल लागला असता आणि निळा काढायचा ठरला असता, तर?

इथे डोळ्याचं शास्त्र येतं. लाल आणि गडद निळा हे दोन्ही रंग कमी उजळ. शेजारी ठेवले तर लांबून त्यांची सीमा चटकन कळत नाही. शिवाय डोळ्याचं भिंग लाल आणि निळा प्रकाश एकाच अंतरावर केंद्रित करत नाही, म्हणून ती कड थरथरल्यासारखी भासते. युरोपातल्या जुन्या मानचिन्हशास्त्राने, म्हणजे ढालींवरच्या आणि झेंड्यांवरच्या चिन्हांच्या नियमांनी, हे ओळखलं होतं: गडद रंगाला गडद रंग भिडवायचा नाही, मध्ये पांढरा किंवा पिवळा हवा. युनियन जॅकमधल्या पांढऱ्या किनारी त्यासाठीच आहेत. निळ्याच्या जागी पांढरा आला की त्या किनारी आणि स्कॉटलंडची फुली दोन्ही पार्श्वभूमीत विरतील. उरेल पांढऱ्यावर लाल क्रूस आणि त्यात घुसलेली लाल फुली.

म्हणून मला वाटतं, बदल झालाच तर निळ्याच्या जागी दुसरा गडद रंगच येईल. वेल्सला आजच्या झेंड्यात जागाच नाही, आणि हा मला खरा अन्याय वाटतो. वेल्सच्या संत डेव्हिडच्या झेंड्यातला काळा तिथे सहज बसेल. वेल्सचा हिरवाही चालेल, पण युरोपीय वंशाच्या सुमारे आठ टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्यांना क्रूस दिसायचा तर पांढरी किनार रुंदच ठेवावी लागेल.