डिस्कवरचे बेवारस आणि एक हट्टी तपासनीस

वडोदऱ्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लिनक्सवर चालणारा एक म्हातारा पीसी आहे. घरच्या गणपतीचे वडिलांनी स्कॅन केलेले सगळे फोटो त्यावर. जागा संपत आली म्हणून भाच्यानं त्याच्या नव्या लॅपटॉपवर नवी डिस्क फॉरमॅट केली, फोटो भरले आणि ती पीसीत बसवली. दुसऱ्या दिवशी पीसी सुरू होताना मध्येच अडकला. काळ्या पडद्यावर तक्रार: 'फीचर_सी१२' ओळखीचं नाही, तपासणीचा नवा प्रोग्राम आणा.

"मामा, डिस्क गेली?" भाच्याचा चेहरा उतरला.

डिस्क ठणठणीत होती. ईएक्सटी४ या लिनक्सच्या मांडणी-पद्धतीच्या डिस्कवर विभागाच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडले की सुपरब्लॉक लागतो. ही त्या डिस्कची कुंडलीच. आपण कोणकोणत्या सोयी वापरतो हे ती तिथं तीन याद्यांत सांगते. पहिल्या यादीतली सोय माहीत नसली तरी खुशाल आत या. दुसरीतली माहीत नसेल तर बघा, पण काही लिहू नका. तिसरीतली माहीत नसेल तर उंबरठ्याबाहेरच थांबा.

'सी१२' पहिल्या यादीतला, म्हणजे निरुपद्रवी. (जुन्या प्रोग्रामला त्याचं नावही ठाऊक नाही, म्हणून नुसता क्रमांक.) मग अडलं कुठे?

ही सोय बेवारस फायलींची. फाइल उघडी असतानाच कुणी पुसली तर तिचं नाव जातं, पण वापरणारा प्रोग्राम तिला सोडेपर्यंत मजकूर ठेवावाच लागतो. तेवढ्यात वीज गेली तर ती फुकट जागा अडवून बसते. म्हणून लिनक्स अशा फायलींची नोंद ठेवतं. पूर्वी त्यांची एकच साखळी असे आणि प्रोसेसरचे सगळे कोर तिच्यापाशी ताटकळत. २०२१ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१५ पासून त्यासाठी वेगळी फाइल ठेवता येते, आणि २०२३ पासून फॉरमॅटची साधनं ती न विचारताच चालू करू लागली.

नीट बंद केलेली अशी डिस्क जुनं लिनक्स बिनदिक्कत उघडतं. हटून बसतो तो सुरुवातीला डिस्क तपासणारा प्रोग्राम, म्हणजे तपासनीस, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर आहे. वाचणाऱ्याला न कळलेलं ओलांडून पुढे जाता येतं. दुरुस्ती करणारा न कळलेली नोंद कचरा समजून झाडून टाकेल.

विंडोजमधल्या आरईएफएस या मांडणी-पद्धतीची तऱ्हा उलटी. जुनी डिस्क नव्या विंडोजला जोडली की विंडोज तिला मुकाट्यानं पद्धतीच्या नव्या आवृत्तीत नेतं. मग जुन्या यंत्रात ती परत उघडत नाही. त्यातून ओळख न पटलेली डिस्क दिसली की विंडोज 'फॉरमॅट करू का?' म्हणून विचारतं. घाईत 'हो' म्हटलं की संपलं.

आमचं काम सोपं निघालं. डिस्क पुन्हा लॅपटॉपला जोडली, अनमाउंट केली (म्हणजे वापरातून सोडवली) आणि डिस्कच्या सोयी बदलणाऱ्या 'ट्यूनटूएफएस' या प्रोग्रामनं ती एक सोय काढून टाकली. पीसी निमूट सुरू झाला. वडिलांची तक्रार मात्र वेगळीच होती: फोटोंचा क्रम का बिघडला? भाच्यानं कॉपी करताना फायलींच्या मूळ तारखा जपल्याच नव्हत्या.